घरात अजून कोण हाय?

मावशींच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. बेडरूमला नव्हती, बाथरूमलाही नव्हती. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला बाथरूमच्या दाराशी नेलं आणि म्हणाल्या, "आत असलीस की गाणं म्हणायचं. गाता येत नसलं तर खोकायचं."

मी तेव्हा नुकतीच मिशिगनमधल्या नोव्हाय या गावी गाड्यांच्या कंपनीत नोकरीला लागले होते. पुण्याची इंजिनिअर, वर अमेरिकेची मास्टर्स, आणि स्वस्तातली खोली शोधत फिरत होते. महिनाभर इथे काढू, मग बघू, असं मनाशी ठरवून सामान टाकलं, ते लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. आता माझ्या स्वतःच्या घरात चांगल्या कड्या आहेत, तरी बाथरूममध्ये गेले की मी खोकते. नवरा बाहेरून विचारतो, "बरं नाही का गं?"

पुढच्या दाराचंही कुलूप त्यांनी काढून टाकलं होतं. मिशिगनच्या थंडीत वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून आतून एक वीट लावून ठेवायची, एवढाच बंदोबस्त. मी म्हटलं, "मावशी, चोर आला तर?" त्या म्हणाल्या, "येऊ दे की. चोर येतो आन् जातो. त्याला कोन कोंडून ठेवतंय?"

त्यांना सगळं गाव मावशीच म्हणायचं, आणि म्हणताना बहुतेक बायका आवाज जरा खाली आणायच्या. ठेंगणी, काळीसावळी बाई. जाड भिंगांचा चष्मा आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. एका आगाऊ बाईनं विचारलं तर म्हणाल्या, "कुंकू लावायला नवरा कशाला लागतो? कुंकू लागतं." साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात पुरुषाचे, दोन मापं मोठे स्नो बूट. एका नर्सिंग होमच्या लाँड्रीत त्या कामाला होत्या. कमरेला एक बटवा असायचा, त्यात सुपारी नव्हे, पासपोर्ट. रोज सकाळी देवपूजा झाली की बटवा उघडून पासपोर्टातला स्वतःचा फोटो बघायच्या आणि पुन्हा खोचून ठेवायच्या. मी चेष्टा केली, "मावशी, चेहरा बदलला नाही अजून." "चेहरा न्हाई बघत," त्या म्हणाल्या, "कुनाकडं हाय ते बघते."

त्यांची एक जुनी व्हॅन होती. पन्नाशीत गाडी शिकलेली बाई, त्यामुळे चालवायच्या बैलगाडीच्या चालीनं, पण कुठेही लावताना तोंड रस्त्याकडे करूनच लावायच्या. दुकान असो, देऊळ असो, पाच मिनिटं पुढे-मागे करतील, मागचे लोक हॉर्न वाजवतील, पण गाडी निघायच्या तयारीत उभी राहिल्याशिवाय खाली उतरायच्या नाहीत. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेल्या तर स्वतःचं ताटही उचलायच्या नाहीत. आपल्याकडे पाहुण्या बायका जेवण झालं की "द्या हो, मी घासते" म्हणून निदान लुटुपुटीची ओढाओढ करतात. मावशी तीही करायच्या नाहीत. ताटावर बसून राहायच्या, कुणी उचलेपर्यंत. लोकांना वाटायचं काय हा माज.

देव्हाऱ्यात खंडोबा होता, अंबाबाई होती आणि त्यांच्या शेजारी डोक्याला फडकं बांधलेल्या एका काळ्या बाईचा जुना फोटो होता. त्या बाईलाही रोज हळदकुंकू वाहायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "या कोण?"

"ही हितलीच. गुलाम हुती. जनावरासारखी विकत घेतलेली. पळाली."

"अच्छा, पळून जाऊन सुटली म्हणून..."

"पळून तर कोंबडी बी जाती," मावशी एकदम उखडल्या. "ही परत गेली. पळाली, सुटली, आन् मग परत त्याच मुलखात गेली. भावांना आणलं, आईबापाला आणलं, जे येतील त्यांना आणलं. तिच्या डोक्यावर बक्षीस लावलं हुतं. तरी जायची. म्हनून ती हितं बसलीय."

मावशींची स्वतःची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. भाजी निवडताना एक तुकडा, कपड्यांच्या घड्या घालताना एक. त्या सांगलीकडच्या. एका ओळखीच्या मोठ्या घरानं त्यांना अमेरिकेत आणलं होतं, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये. घरात अर्धांगवायू झालेले आजोबा होते, त्यांचं सगळं करायचं आणि जमल्यास स्वयंपाक बघायचा, असं ठरलं होतं. जमल्यास हा शब्द विमानातच राहिला. पासपोर्ट साहेबांनी 'सांभाळून ठेवायला' घेतला. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या बाजूला गादी टाकून दिली. बाहेर पडलीस तर पोलीस पकडतील, असं सांगितलं. फोन नाही, सुट्टी नाही, गावाला पाठवतो म्हणून सांगितलेला पगार पोचतोय की नाही हे कळायची सोय नाही. "वाईट नव्हती गं मानसं," मावशी सांगायच्या. "दिवाळीला साडी घ्यायची. आल्यागेल्याला सांगायची, ही आमच्या घरच्यासारखी. पोरी, कुनी असं म्हनलं की एकच बघायचं. जेवायला शेवटी कोन बसतंय."

तशी कितीतरी वर्षं गेली. मग आजोबा वारले. तेराव्याला सकाळी सगळी माणसं अस्थी सोडायला नदीवर गेली, मावशींना गोडाचा स्वयंपाक करायला मागे ठेवून. गडबडीत मागचं दार उघडं राहिलं. मावशींनी गॅस बंद केला, खिरीवर झाकण ठेवलं, आजोबांचे स्नो बूट पायात घातले आणि बाहेर पडल्या. बर्फातून आगगाडीच्या आवाजाच्या रोखानं स्टेशनवर गेल्या आणि आली त्या गाडीत चढल्या. तिकीट तपासनीस होती एक काळी बाई. तिला यांची भाषा कळेना, यांना तिची. पण तिनं ते बूट बघितले, कोट नसलेलं अंग बघितलं आणि तिकीट न विचारता शिकागो येईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग आपल्या चर्चमध्ये घेऊन गेली. फडकं बांधलेल्या बाईचा फोटो तिथल्या भिंतीवर होता. पुढे एका वकीलबाईनं केस लढवली, सरकारनं कागद दिले, नोकरी मिळाली ती नोव्हायला, म्हणून मावशी नोव्हायच्या झाल्या.

आणि मग त्या परत जायला लागल्या. नेपरव्हिलला नव्हे, जिथे जिथे तसं घर असेल तिथे.

त्यांची कामाची पद्धत अजब होती. हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला परत पाठवता येत नाही, हा आपला नियम. गणपतीच्या दर्शनाला आलेल्यालाही नाही. या दोन गोष्टींच्या जोरावर मावशी नोव्हायच्या कुठल्याही मराठी घरात घुसू शकत. बोलावणं असो नसो. आत शिरल्या की आधी दाराजवळचे कोट बघायच्या. इथल्या हिवाळ्यात घरातल्या प्रत्येकाचा कोट आणि बूट दाराशीच असतात. ज्याचा कोट नाही तो माणूस बाहेर जात नाही, हा त्यांचा हिशेब. मग कुंकू लावून घ्यायच्या, तिळगूळ तोंडात टाकायच्या आणि भर बायकांत विचारायच्या, "घरात अजून कोन हाय? तिला कुनी कुंकू लावलं?"

बहुतेक घरात अजून कोणीच नसायचं. मग यजमानीणबाई लाल व्हायची आणि बाकीच्या वाण बघण्यात गर्क व्हायच्या. एकदा तर कहर झाला. गणपतीला एका घरी गेल्या त्या तडक बेसमेंटमध्ये उतरल्या. खाली एक म्हातारी कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसून बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होती. मावशींनी तिचा हात धरला. "ताई, तुमाला हितं डांबून ठेवलंय का?" ती निघाली यजमानांची सख्खी आई, नागपूरहून नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेली. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "आता तसं पाहिलं, तर हो."

वर आरती थांबली. म्हातारीची सून मावशींशी पुढे कधी बोलली नाही. पण त्या म्हातारीला तेव्हापासून रोज संध्याकाळी फिरायला नेऊ लागले, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

आमची मराठी मंडळी त्यांना हसायची, आणि भ्यायचीही. "यार, तुझ्या मावशीला आमच्याकडे नको आणू," असं ऑफिसातली मैत्रीण मला सरळ सांगायची. मावशींचं वेड हा पॉटलकच्या जेवणाला पुरणारा विषय होता. त्यात गंमत एकच होती, की वेड्या बाईच्या हाताला अधूनमधून खरंच कुणीतरी लागायचं. तिकडे अॅरिझोनात चँडलरला एक बाई आहे, स्वतःचं पाळणाघर चालवते. दर दिवाळीला तिचा फोन यायचा आणि दोघी अर्धा तास चिवड्यावर बोलायच्या. मी विचारलं, "मावशी, अशा किती जणींना सोडवलंत?" तर म्हणाल्या, "मोजायला काय त्या शेंगा हायत?"

सुमन नावाची बाई ज्या घरात कामाला होती, तिथे मावशींना मीच घेऊन गेले. म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला होतं आणि त्या गाडीत येऊन बसल्या. यजमान आमच्याच कंपनीत मोठ्या पदावर, त्यांची बायकोही दुसऱ्या कंपनीत तशीच. नवीन वसाहतीतलं प्रशस्त घर, दारात रांगोळीचं स्टिकर. आत गेल्यावर मावशींनी बूट काढता काढता कोट बघितले. साहेबांचा होता, बाईंचा होता, बाळाचा चिमुकला निळा होता. आणि स्वयंपाकघरातून वडे तळल्याचा वास येत होता. यजमानीणबाई तर पैठणी नेसून आमच्या समोर उभी होती.

"घरात अजून कोन हाय?" मावशींनी विचारलं.

"अहो, ती आमची सुमन," बाई हसत म्हणाली. "नोकर म्हणून नाही हं बघत आम्ही. अगदी घरच्यासारखी आहे. आमचा छोटा तर तिच्याशिवाय जेवतच नाही."

मी मावशींकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"मग माझा एक नेम हाय बाई," मावशी अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "संक्रांतीला एका लेकीची ओटी भरते. हिचीच भरते आज."

नेम म्हटल्यावर कोण काय बोलणार? त्यातून समोर दहा-बारा बायका. सुमनला बोलावलं. तिशीची, हडकुळी, बीडकडची; नवरा तिकडे गावीच, हे मागाहून कळलं. हाताला पीठ, कपाळाला घाम आणि कडेवर दोन वर्षांचं गुटगुटीत पोर. "सोड त्याला जरा," बाई म्हणाली, तर ते पोर सुमनच्या मानेला असं चिकटलं की सोडवेना. शेवटी त्याच्यासकट तिला पाटावर बसवलं. मावशींनी कुंकू लावलं. पिशवीतून तांदूळ काढले, नारळ काढला, हळकुंड, सुपारी, आणि खणाची जाड घडी. तिच्या पदरात घालताना त्यांनी ती घडी दाबून धरली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. बाकीच्यांना वाटलं, आशीर्वाद दिला.

त्या घडीत एक छोटा फोन होता. त्यात एकच नंबर, मावशींचा. ओटीत घातलेलं कुणी उघडून बघत नाही आणि कुणी परतही मागत नाही. सुनेला दिवसभर टोचून बोलणारी सासूसुद्धा तिच्या ओटीत हात घालत नाही. ज्या घरानं सुमनचा पासपोर्ट कपाटात ठेवला होता, त्या घरानं ओटी मात्र तिच्याकडे राहू दिली. आपण माणसं अशीच आहोत. पाप कुठे थांबवायचं याचेसुद्धा आपले रीतिरिवाज आहेत.

मग वाट बघणं सुरू झालं. मावशी फोन घेऊन झोपायच्या, फोन घेऊन कामावर जायच्या. लाँड्रीच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून तो ब्लाउजमध्ये ठेवायच्या. जेवण कमी झालं. मी म्हटलं, "नसेल यायचं तिला." त्या म्हणाल्या, "यायचं न्हाई म्हनून सांगायला बी फोन करंल."

फोन मार्चमध्ये आला, दुपारी. मी त्या दिवशी घरून काम करत होते. सुमन एवढंच म्हणाली, "मावशी, दोघंही आज उशिरा येणारेत." आम्ही तशाच निघालो. मावशींनी तिच्यासाठी कोट घेतला होता. व्हॅन त्यांच्या दारात उलटी लावता लावता मला घाम फुटला, पण मावशींनी तीनदा मागे-पुढे करायला लावलंच.

दार सुमननं उघडलं. अंगावर तीच साडी, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. आणि कडेवर पोर.

"बाळाला कुठं ठेवू?" ती म्हणाली. "एकट्याला कसं टाकू, मावशी? झोपला असता तर... आज झोपलाच नाही." आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहून रडायला लागली. तिला रडताना बघून पोरानंही भोकाड पसरलं.

मी हबकले. पोराला घेऊन निघालो असतो तर आमच्यावर मूल पळवल्याचा गुन्हा लागला असता. टाकून जाणं तर शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, आज नको. परत कधीतरी."

मावशींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी खाली बसून बूट काढले, शिस्तीत दाराशी ठेवले आणि सुमनच्या कडेवरून ते पोर उचललं. "कोट घाल आन् जा हिच्यासंगं."

"आणि तुम्ही?"

"मी बसते ह्याच्यापाशी."

ज्या बाईनं परक्या घरात स्वतःचं ताट कधी उचललं नाही, ती त्या घरात दुसऱ्याचं मूल खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायला लागली. आम्ही निघालो. रस्ताभर सुमन रडत होती, पण भीतीनं नव्हे. "चार वाजता त्याला वरणभात लागतो," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "तूप जास्त, मीठ कमी. सांगा ना मावशींना." शेवटी मी गाडी बाजूला घेऊन फोन लावला आणि मावशींना सांगितलं. पलीकडून आवाज आला, "कुकर लावलाय."

पुढचं मला मावशींनी सांगितलं. मी संध्याकाळी त्यांना आणायला गेले तेव्हा त्या फुटपाथवर उभ्या होत्या, बटव्यात एकाऐवजी दोन पासपोर्ट खोचून.

"बाई आली," त्या म्हणाल्या. "मी पोराला मांडीवर घिऊन बसलेली. मला वाटलं आता वरडंल, पोलीस बोलवंल. तर ती इचारते, सुमन कुठाय? मी म्हनलं, गेली. तर मटकन खाली बसली आन् म्हनती, 'मग उद्या माझं प्रेझेंटेशन आहे, त्याचं काय?' मी कोन, घरात कशी शिरले, पोराला काय केलं, काय बी इचारलं न्हाई बघ."

"मग पासपोर्ट कसा दिला?"

"मी म्हनलं, पोलीस बोलवा. मी हितंच बसते. न्हाईतर तिचा पासपोर्ट आना. मग साहेब आला. दोघं वर जाऊन भांडली. मग आनून दिला." बटव्याची गाठ आवळून त्या म्हणाल्या, "पोर चांगलं हाय गं. निजलं माझ्याजवळ."

त्यानंतर मला मराठी मंडळातली बोलावणी यायची बंद झाली. ऑफिसात ते साहेब लिफ्टमध्ये भेटले की फोनमध्ये बघायचे. मावशींचं नाव तर कुणी घेईना. 'चांगल्या घराची बदनामी केली,' एवढं मात्र फिरून फिरून कानावर येत होतं. चांगल्या घरानं काय केलं होतं याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

मी समजत होते, सुटली. सुमन मात्र सुटल्यासारखी दिसत नव्हती. आम्ही दोघी जेवून उठेपर्यंत ती ओट्याला टेकून उभी राहायची. मावशी ओरडल्या की बसायची, दुसऱ्या दिवशी परत उभी. दुपारी चार वाजले की तिचे हात चाळवायला लागायचे. एकदा मी बघितलं, तिनं वाटीत वरणभात कालवला होता, तूप घातलं होतं आणि तो समोर ठेवून नुसती बसली होती. वकीलबाई येऊन गेल्या. कागद मिळतील, काम मिळेल, फक्त घडलं ते सांगायचं. सुमन म्हणाली, "त्यांनी मला कधी मारलं नाही हो. काय सांगू?" ओटीतल्या फोनवरून तिनं एका दुपारी स्वतःच त्या घरी फोन केला, बाळ जेवतो का विचारायला. बाईंनी फोन बाळाच्या कानाला लावला. झालं. त्या दिवसापासून सुमन आमच्या घरात नुसती देहानं होती.

मे महिन्यात ती म्हणाली, "मावशी, मला तिकडं सोडा."

मी संतापले. मी म्हटलं, मी तिला जाऊ देणार नाही. तिला समजावलं, पासपोर्ट, हक्क, पगार, गावाकडचा नवरा, सगळं सगळं बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग मी मावशींना बाजूला घेतलं. "तुम्ही अडवा तिला. तुमचं ऐकेल."

"कसं अडवू?"

"काहीही करा. थोडे दिवस थांबवा. तिचं तिलाच कळेल नंतर."

"तिच्या भल्यासाठी," मावशी म्हणाल्या. "तिचं तिला कळत न्हाई म्हनून. असंच म्हनत हुता माझा साहेब." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी दाराशी उभी राहिले तर माझ्यात आन् तिच्या मालकिनीत फरक काय ऱ्हायला?"

रविवारी सकाळी आम्ही तिला घेऊन निघालो. मावशींनी तिचा पासपोर्ट एका नव्या बटव्यात घालून तिच्या कमरेला स्वतः बांधला. "हा कुनाला द्यायचा न्हाई. सांभाळायला देते म्हनून बी न्हाई. आन् पुढच्या दारानं जायचं. बेल वाजवून." सुमननं सगळ्याला हो म्हटलं. तिचं लक्ष नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, माहेरी निघाल्यासारखी.

तिनं बेल वाजवली. दार बाईंनीच उघडलं आणि सुमनला बघून त्यांनी तोंडावर हात घेतला. खोटं कशाला सांगू, त्या खरंच रडत होत्या. "थांब, आत नको येऊस," म्हणाल्या आणि धावत जाऊन पोळीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दूरदेशीहून परतलेल्या लेकीवरून ओवाळतात तसा त्यांनी सुमनवरून तुकडा ओवाळला आणि हिरवळीवर टाकला. डोळ्यांना पाणी लावलं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधून ते पोर ओरडत बाहेर आलं आणि सुमनच्या गुडघ्यांना जाऊन धडकलं. तिनं त्याला उचललं. इतक्या दिवसांत आमच्या घरी तिच्या चेहऱ्यावर तसं हसू एकदाही आलं नव्हतं. मला ते बघवेना. मग दार लागलं.

मावशी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. किल्ली फिरवली नाही. मी म्हटलं, "इतकं करून शेवटी काय? ती स्वतःच्या पायांनी गेली. मला तर समजतच नाही, असं कुणी कसं जाऊ शकतं."

"मार असला की बाई निघती गं," मावशी म्हणाल्या. "माया लागली की कशी निघायची?"

त्यांनी किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"आमच्या आजोबांच्या खोलीत, औषधांच्या कपाटाला आतून एक खिळा हुता. मागच्या दाराची चावी त्याला टांगलेली असायची. मी रोज औषध काढायचे. रोज दिसायची."

"पण तुम्ही तर म्हणायचात, दार उघडं राहिलं."

"लोकांना तसंच सांगावं लागतं. न्हाईतर म्हनतात, मग राहिलीस कशाला?" त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. तो तसाच हातात धरून ठेवला. "बोलता यायचं न्हाई त्यांना. माझ्या हातचा घास तेवढा गिळायचे. दुसऱ्या कुनी भरवला की थुंकायचे. चावी दिसायची, आन् त्यांचं तोंड दिसायचं. मी कपाट लावून घ्यायचे."

समोरच्या घरात कुठेतरी ते पोर खदखदून हसलं. बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"आजोबा मेले म्हनून मी सुटले, पोरी," मावशी म्हणाल्या. "आन् हे तर आत्ता कुठं दोन वर्सांचं हाय."